मापाच्या जागी ठेवलेली सुपारी

माझी आई सोलापूर जिल्ह्यातल्या एका आठवडी बाजारात गोणपाट अंथरून कांदे-लसूण विकायची. तिच्याकडे तागडी होती, पण शिक्क्याची वजनं नव्हती. किलोला एक गोल दगड, अर्ध्या किलोला दुसरा. दगड तिने किराणा दुकानातल्या वजनाशी जुळवून घेतले होते आणि तिने कधी कोणाला कमी तोलून दिलं नाही. उलट वर एक कांदा टाकायची. पण वजनमापाचा साहेब बाजारात शिरला की कोणीतरी लांबून शीळ घालायचं, आणि आई दगड लुगड्याखाली सरकवून पाटी उचलायची. एकदा तिला जमलं नाही. साहेबाने दोन्ही दगड उचलून जीपमध्ये टाकले. त्या दिवशीचे कांदे तसेच घरी परत आले आणि पुढचे चार दिवस आम्ही भाकरीबरोबर फक्त कांदा खाल्ला.

मी नववीत असताना मामाने आम्हाला अमेरिकेत बोलावून घेतलं. मिनेसोटात वडील टर्की पक्षी कापण्याच्या कारखान्यात लागले, आई हॉटेलच्या धुलाईखान्यात. बर्फातला जाड कोट दोघांत एकच होता. वडील पाळी संपवून दारात आले की कोट उतरवायचे आणि आई तोच गरम कोट अंगात घालून बाहेर पडायची. मी त्याच घरातून कॉलेजला गेले. आमच्या मागच्या सगळ्या पिढ्यांत पदवी घेतलेली पहिली मी. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पदवीनंतर पोलिसांत भरती झाले, सव्वीस वर्षं नोकरी केली आणि तपास विभागाची सार्जंट म्हणून निवृत्त झाले.

खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कोणी नोकरीबद्दल विचारलं की डोळ्यांसमोर पहिल्यांदा येते ती एक सुपारी. पोलिसाच्या तोंडी हा शब्द आला की वाचक सावरून बसेल, म्हणून आधीच सांगते: ही खरी सुपारी, विड्यातली.

आमचं गाव मिनेसोटातल्याच ईडन प्रेरी शहरापासून गाडीने पाऊण तासावर. दीडेकशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका बाजारपेठेच्या गावातून काही कुटुंबं इथे आली आणि त्यांनी नावासकट आपलं गाव इथे पुन्हा वसवलं. त्या मूळ गावाला राजाने मंगळवारचा बाजार भरवण्याचा हक्क दिला होता. म्हणून इथेही मंगळवारचा बाजार. तिथे होता तसा विटांचा मार्केट हॉल, फुकट शाळा, वाचनघर आणि निराधार म्हाताऱ्यांसाठी एका रांगेत सहा खोल्या. आता मार्केट हॉलमध्ये गावाच्या इतिहासाचं छोटं म्युझियम आहे. त्यातली सगळ्यांत मौल्यवान वस्तू म्हणजे मूळ गावातून बोटीने आणलेलं धान्याचं पितळी माप. आकाराने आपल्या पायलीएवढं, दोन कड्यांचं. बाजारातली बाकी सगळी मापं याच्याशी ताडून पाहायची, असा नियम होता.

ऑक्टोबरातला सोमवार. म्युझियम सोमवारी-मंगळवारी बंद असतं, पण गुरुवारी इंग्लंडच्या त्या गावाचे महापौर पाहुणे म्हणून यायचे होते. म्हणून म्युझियमच्या प्रमुख बाई फोटोग्राफरला घेऊन सकाळी दहाला आल्या आणि काचेचं कपाट उघडून पाहतात तर माप नाही. साडेदहाला तक्रार आली.

मी आणि तपासातला माझा जोडीदार गेलो. जोडीदार नॉर्वेच्या वंशाचा, सव्वासहा फूट उंच आणि हिशोबाने बोलणारा. दार फोडलेलं नव्हतं, कपाटाचं कुलूप शाबूत. म्हणजे किल्ली असलेला माणूस. इथे पंचनामा हा शब्द नाही, पण काम तेच असतं: फोटो, मोजणी, पिशव्या, चिठ्ठ्या. जोडीदाराने चिमट्याने कपाटातून काहीतरी उचललं.

"कसलं तरी कठीण फळ आहे," तो म्हणाला. "माप होतं बरोबर त्याच जागी. खारीने आणून ठेवलं असेल."

"खार कुलूप उघडून आली?"

"मिनेसोटाच्या खारींना तू ओळखत नाहीस."

मी वाकून पाहिलं. सुपारी होती. शेजारी कुंकवाने लाल झालेले तांदळाचे पाच-सहा दाणे.

देवाची मूर्ती जागेवरून हलवली तर जागा रिकामी ठेवायची नाही, तिथे सुपारी ठेवायची, हे मी आईच्या देव्हाऱ्यासमोर पाहिलेलं. ही कोणी ठेवली असेल तेही मला लगेच कळलं. कारण आमच्या गावात मराठी घरं जेमतेम दहा, आणि त्यांतून म्युझियममध्ये स्वयंसेवक म्हणून जाणारा, किल्ली असलेला माणूस एकच. मी त्यांना गणपतीच्या कार्यक्रमात भेटले होते. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही म्हणत होते.

पुरावा ओळखला की तो गिळायचा नाही, एवढं मी नोकरीत शिकले होते. तिथल्या तिथे जोडीदाराला सांगितलं, हे काय आहे आणि कोणाचं असू शकतं. ठाण्यात फोन करून वरिष्ठांनाही सांगितलं की संशयित माझ्या ओळखीचा आहे, जबाब मी घेणार नाही.

तेवढ्यात खबर आली. समोरच्या हार्डवेअरच्या दुकानाचा मालक रस्ता ओलांडून आला. काल संध्याकाळी म्युझियम बंद झाल्यावर त्याने एक भारतीय म्हातारा पाहिला होता. कानटोपी, स्वेटर, पायात पांढरे बूट, हातात कापडी पिशवी.

"पिशवी कशी धरली होती?" मी विचारलं.

त्याने दोन्ही हात छातीशी घेतले. "नवं बाळ हॉस्पिटलमधून घरी नेतात ना, तशी."

मी ते वहीत लिहून घेतलं. चोर वस्तू अंगापासून लांब धरतो आणि मागे वळून बघतो. हा माणूस, मालकाच्या सांगण्याप्रमाणे, चालतच गेला होता, भर रस्त्याने, ओळखीच्यांना हात करत.

जोडीदार गाडीत म्हणाला, "किल्ली त्याच्याकडे, साक्षीदार आहे, वस्तूची किंमत मोठी. घरात माप सापडलं तर अटक."

"माप सापडलं तर माप घेऊ. अटकेचं नंतर बघू."

"का?"

"अटक उद्याही करता येते. झालेली अटक परत घेता येत नाही."

मला एक गोष्ट माहीत होती, तीही मी त्याला सांगितली. काकांची नागरिकत्वाची मुलाखत तीन आठवड्यांवर होती. सांगलीचं घर विकलेलं, काकू दोन वर्षांपूर्वी गेलेल्या. तिकडे परत जावं असं कोणी उरलेलं नव्हतं. जे काही होतं ते मुलाच्या या घरात. आणि नागरिकत्वाच्या अर्जात स्पष्ट विचारतात: तुम्हाला कधी अटक झाली आहे का? चोरीच्या आरोपाखाली 'हो' लिहावं लागलं, तर नागरिकत्व दूरच, इथे राहण्याचाच प्रश्न उभा राहिला असता. हे ऐकून जोडीदाराने गाडी हळू केली.

दार सुनेने उघडलं. ती नागपूरची, घरून काम करणारी. गणवेशातला जोडीदार पाहून तिच्या कानातला हेडफोन गळ्यात आला.

"ताई? ओह गॉड, अॅक्सिडेंट झाला का कुणाचा? हे तर टेक्सासला गेलेत, फ्रिस्कोला, क्लायंटकडे..."

"कोणाला काही झालेलं नाही. काका आहेत?"

"बाबा आहेत ना, आत. आज खंडेनवमी, सकाळपासून पूजाच चाललीय त्यांची. माझा लॅपटॉप पण नेला होता, मीटिंग कॅन्सल करावी लागली यार!"

खंडेनवमी. हत्यारांची, अवजारांची, ज्यावर आपलं पोट चालतं त्या वस्तूंची पूजा करायचा दिवस. इथे मी तो विसरूनच गेले होते.

देवघर म्हणजे जेवणाच्या खोलीतलं एक कपाट. त्याच्यासमोर पाट, पाटावर लाल कापड आणि कापडावर मधोमध ते माप, झेंडूचा हार घातलेलं. भोवती कुंकवाची बोटं लावलेला लॅपटॉप, गाडीच्या दोन किल्ल्या, सुनेचा मिक्सर आणि एक पाना. काका सोवळं नेसून, वर स्वेटर घालून बसले होते.

"या, या," काका म्हणाले. मग जोडीदाराच्या पायांकडे बघून थेट इंग्रजीत, "शूज, प्लीज."

ड्यूटीवरचा पोलीस बूट काढत नाही. जोडीदाराने माझ्याकडे पाहिलं आणि गालिच्याच्या काठावर थांबला.

"काका, हे माप तुम्ही आणलंत?"

"मीच आणलं. दुसरं कोण आणणार?"

"थांबा. पुढे एक शब्द बोलू नका."

"का बरं? मी काय..."

"काका, ऐका माझं. म्युझियमने चोरीची तक्रार केली आहे."

त्यांना ते समजायला वेळ लागला. सुनेला आधी समजलं. ती भिंतीला टेकली. काका सुनेकडे, मग मापाकडे बघत राहिले.

जोडीदाराने हातमोजे चढवले. काकांनी हात आडवा केला. अडवायचा नव्हता तो, विनवणीचा होता. "नेताय तर न्या. पण उत्तरपूजा केल्याशिवाय हलवू नका हो. तीन मिनिटं द्या."

मी जोडीदाराला सांगितलं. त्याने घड्याळाकडे पाहिलं, मान डोलावली आणि पुढे तीन नाही, चांगली सहा मिनिटं तो दोन्ही हात पुढे बांधून उभा राहिला. चर्चमध्ये उभा राहावा तसा.

ठाण्यात मी काकांना जबाबाच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं. जोडीदाराने नियमाप्रमाणे सगळं सांगितलं: तुम्ही अटकेत नाही, दाराला कुलूप नाही, वाटेल तेव्हा उठून जाऊ शकता, वकील मागू शकता. हातकडी आम्ही त्यांना घातलीच नव्हती. मी शेजारच्या खोलीत पडद्यावर बघत बसले.

काका सरकारी इंग्रजीत बोलत होते. "मी सदर माप परत करण्याच्या अटीवर बाहेर काढलं आहे. बुधवारी सकाळी नऊला जागेवर ठेवणार होतो. रजिस्टरला रीतसर नोंद आहे."

"परवानगी कोणी दिली?"

"परवानगी कशाला? माझ्याकडे नेमणूक आहे."

जोडीदार बाहेर आला, त्याने म्युझियमच्या बाईंना फोन लावला. वस्तू बाहेर न्यायच्या तक्त्यात नोंद नव्हती. कॉम्प्युटरवर नव्हती. ई-मेल नाही, चिठ्ठी नाही. तो परत आत गेला.

"सर, नोंद नाही."

इतका वेळ ताठ बसलेले काका खुर्चीत खचले. मी आयुष्यात शेकडो संशयित पाहिले. चोर म्हटल्यावर चिडणारे पाहिले, रडणारे पाहिले. काका हळूच म्हणाले, आणि ते मराठीत म्हणाले, बहुतेक स्वतःशीच: "चोर म्हणा. पण नोंद केली नाही म्हणू नका."

सदतीस वर्षं नोकरी केलेला माणूस बोलत होता. आणि ती कोणत्या खात्यात, हे मला तेव्हा आठवलं. गणपतीच्या कार्यक्रमात त्यांनीच सांगितलं होतं, मी अर्धवट ऐकलं होतं. काका वजनमाप निरीक्षक होते. ज्या साहेबाला बघून माझी आई पाटी उचलून पळायची, त्याचंच खातं. सांगलीच्या कचेरीत दर खंडेनवमीला ते प्रमाण मापांची, वजनांची पूजा करायचे. सदतीस वर्षांत एकही चुकली नव्हती. निवृत्तीनंतर पूजा करायला माप उरलं नव्हतं. इथे, सात समुद्रांपलीकडे, काचेच्या कपाटात त्यांना एक सापडलं होतं.

मी वरिष्ठांची परवानगी घेतली, कॅमेरा चालू ठेवला आणि आत जाऊन फक्त एकच प्रश्न विचारला.

"काका, नोंद कुठल्या रजिस्टरला केलीत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला पुन्हा शाळेत गेल्यासारखं वाटलं. "मापाच्या. मापाचं दुसरं कुठलं रजिस्टर आहे तिथे?"

आम्ही दोघं म्युझियमला परत गेलो. मापाच्या कपाटाशेजारी दुसरं काचेचं कपाट होतं. त्यात चामडी बांधणीची एक जुनी वही, पहिल्या पानावर उघडून ठेवलेली. मार्केट कमिटीचं मापाचं रजिस्टर. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी बाजार समिती बंद झाली तेव्हापासून त्यात कोणी लिहिलं नव्हतं. मी बाईंना शेवटचं लिहिलेलं पान काढायला सांगितलं.

शेवटची जुनी नोंद तपकिरी, फिकट शाईतली: निरीक्षकाने वार्षिक तपासणीसाठी माप नेलं, सुस्थितीत परत. खाली सही. आणि लगेच तिच्या खालच्या ओळीत, निळ्या बॉलपेनने, त्याच रकान्यांत, सुवाच्य अक्षरात: निरीक्षकाने वार्षिक पूजेसाठी माप नेलं. नेल्याची तारीख, वेळ. परत करण्याची तारीख. सही, सहीखाली हुद्दा.

"बॉलपेन!" बाईंच्या तोंडून एवढंच आलं. त्यांनी दोन्ही हात गालांवर धरले.

"मॅडम," मी विचारलं, "यांना निरीक्षक कोणी नेमलं?"

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. गुरुवारच्या सोहळ्यासाठी त्यांनी स्वयंसेवकांना जेवण दिलं होतं. त्यात गंमत म्हणून मूळ इंग्रजी गावातली जुनी पदं वाटली होती. कोणी बाजारची घंटा वाजवणारा, कोणी बिअर चाखून पास करणारा, कोणी पावाचं वजन करणारा. रिबीन लावलेला कागद, खाली बाईंची सही. बाकीच्यांनी कागद फ्रीजवर चिकटवले. काकांनी तो फाइलला लावला आणि कामावर रुजू झाले.

गेली दोन वर्षं ते त्याच कमिटीचे जुने ठराव वाचून टाइप करत होते. ते किरटं हस्ताक्षर दुसऱ्या कोणाला लागत नव्हतं. त्यांतच नियम होता: माप निरीक्षकाच्या ताब्यात राहील, आणि बाहेर नेताना त्याने या वहीत नोंद करावी. काकांनी सव्वाशे वर्षांपूर्वीचा नियम जसाच्या तसा पाळला होता. वहीत कोरी पानं होती आणि 'रजिस्टर बंद केलं' असा शेरा कुठे नव्हता. आमच्याकडच्या सरकारी कचेऱ्यांच्या हिशोबाने ती वही चालू होती.

"त्यांनी माप घासलं तर नाही ना?" बाईंनी घाबरून विचारलं. "पॉलिश? लिंबू?"

हे मी ठाण्यात येऊन जोडीदारासमोर काकांना विचारलं. ते पहिल्यांदा रागावले.

"प्रमाण माप घासतात का कधी? घासलं की झिजतं, झिजलं की खोटं होतं. मऊ फडक्याने टिपलंय फक्त. कुंकू हाराला लावलं, मापाला बोट लावलेलं नाही. तुम्ही माझी परीक्षा घेताय का?"

जोडीदाराने मला भाषांतर करायला सांगितलं. ऐकून त्याने जबाबाची वही मिटली आणि काकांना कॉफी आणून दिली.

बाईंनी तक्रार मागे घेतली, पण एकदा नोंदवलेली तक्रार नुसती मागे घेऊन संपत नाही. मी अहवाल लिहिला. सोबत रजिस्टरच्या पानाचा फोटो, नेमणुकीचा कागद, ठरावातला नियम आणि सुपारीचा फोटो, खाली तिचा अर्थ. शहराच्या सरकारी वकिलांनी दुसऱ्या दिवशी दसऱ्याला शेरा मारला: गुन्हा घडलेला नाही.

बुधवारी सकाळी नऊला काका म्युझियमच्या दारात हजर होते. माप आमच्या मुद्देमालाच्या खोलीतून मीच आणलं होतं. त्यांनी ते जागेवर ठेवलं, सुपारी मागून घेतली आणि खिशात टाकली. मग वहीसमोर उभे राहिले, बॉलपेन काढलं आणि बाईंकडे पाहिलं. बाईंनी डोळे मिटले आणि मान हलवली: लिहा.

'सुस्थितीत परत.'

गुरुवारी इंग्लंडहून महापौर आले. त्यांनी ते पान पाहिलं, खालची निळी ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "आमच्याकडे हे पद कधीच बंद झालं. तुम्ही चालू ठेवलंत."

मी त्या संध्याकाळी आईला फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझे दगड नेले तेव्हाबी त्या साहेबानं कागद दिला होता बघ. नोंद केली होती. मला वाचता येत नव्हता म्हणून मी फाडून टाकला." पुढे म्हणाली, "त्या काकांना एकदा जेवायला आण."

या प्रकरणाने मला शिकवलं ते सोपं आहे. माणसाने काय केलं हे पुरावा सांगतो. का केलं हे कळायला तो कुठल्या नियमाने जगतो ते विचारावं लागतं, आणि विचारण्याआधी त्याला बेडी घालू नये.

तीन आठवड्यांनी काका मुलाखतीला गेले. कधी अटक झाली आहे का, या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही' लिहिलं होतं, आणि ते खरं होतं. मार्चमध्ये त्यांनी शपथ घेतली. त्या समारंभाला त्यांचा मुलगा, सून, म्युझियमच्या बाई, माझी आई, मी आणि माझा जोडीदार, असे सगळे हजर होतो. काका अमेरिकेचे नागरिक झाले.